टिम हेनमनची कारकीर्द : विम्बल्डन बाजूला ठेवून पाहिली तर?

चौथा_सेट :

ब्रिटनचा टेनिसपटू टिम हेनमन याचे नाव निघाले की बोलणे विम्बल्डनमधल्या त्याच्या उपांत्य फेरीतल्या चार पराभवांवर जाते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. १९९८, १९९९, २००१ आणि २००२ ही ती चार वर्षे. मैदानाच्या आवारातल्या ज्या उतारावर तिकिटाअभावी आत जाऊ न शकलेले लोक मोठ्या पडद्यासमोर बसत, त्या उतारालाही लोकांनी त्याचेच नाव देऊन टाकले, आणि त्यामुळे हा माणूस वर्षातले दोन आठवडेच टेनिस खेळत होता की काय, असा समज पक्का झाला.

हा समज त्याच्या विजेतेपदांची यादी समोर ठेवली की टिकत नाही. एकेरीत हेनमनने एकूण ११ विजेतेपदे मिळवली : सिडनी, अ‍ॅडलेड, वॉशिंग्टन, व्हिएन्ना, ब्रायटन, कोपनहेगन आणि पॅरिस येथे प्रत्येकी एकदा, तर ताश्कंद आणि बाझल येथे दोनदा. ही सगळी हार्ड (म्हणजे कडक पृष्ठभागाच्या) कोर्टावरची किंवा बंदिस्त सभागृहातली आहेत. ज्या खेळाडूला जग गवताचा खेळाडू म्हणून ओळखते, त्याच्या नावावर गवतावरचे एकही एकेरी विजेतेपद नाही.

माझे म्हणणे असे की हेनमन हा वर्षभर, चार खंडांत आणि सर्व पृष्ठभागांवर सातत्याने खेळून जुलै २००२ मध्ये जागतिक क्रमवारीत चौथ्या स्थानापर्यंत पोहोचलेला खेळाडू होता, आणि त्याचे सर्वोत्तम टेनिस विम्बल्डनमध्ये नव्हे, तर २००३ च्या शरद ऋतूपासून २००४ च्या शरद ऋतूपर्यंत पॅरिस आणि न्यू यॉर्कमध्ये दिसले. यावर इतरांचे मत वाचायला आवडेल.

हिरवळ :

यादी बरोबर आहे, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मला थोडा घाईचा वाटतो. त्या काळात फ्रेंच स्पर्धा संपल्यापासून विम्बल्डन सुरू होईपर्यंत अवघे दोन आठवडे मिळत. त्यामुळे अव्वल खेळाडूला विम्बल्डनखेरीज गवतावर फार तर एक-दोन स्पर्धा खेळता येत, आणि हेनमनसाठी त्यातली महत्त्वाची म्हणजे लंडनची क्वीन्स क्लबची स्पर्धा. तिथे तो तीनदा अंतिम फेरीत पोहोचला. १९९९ मध्ये तो अमेरिकेच्या पीट सॅम्प्रसकडून तीन सेटमध्ये हरला, तर २००१ आणि २००२ मध्ये लेटन ह्यूइटकडून. हार्ड कोर्टावर वर्षाला डझनभर स्पर्धा खेळणाऱ्याची तिथली विजेतेपदे जास्त असणारच.

विम्बल्डनचा हिशेबही पूर्ण मांडायला हवा. १९९६ ते २००४ या नऊ वर्षांत हेनमन तिथे आठ वेळा उपांत्यपूर्व फेरीत होता. ज्या चार उपांत्य सामन्यांत तो हरला, त्या चारही सामन्यांतला विजेता पुढे जाऊन स्पर्धा जिंकला : दोनदा सॅम्प्रस, एकदा इव्हानिसेव्हिच, एकदा ह्यूइट. दरवर्षी एखाद्या कुणाकडूनही गारद होणारा आणि दरवर्षी विजेत्याकडूनच हरणारा, हे दोन निराळे खेळाडू असतात. इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्या काळी हा फरक क्वचितच केला.

दुसरी_सर्व्हिस :

मी तंत्राच्या बाजूने लिहितो, कारण या चर्चेत नशीब, पाऊस आणि वर्तमानपत्रे यांवरच फार लिहिले जाते.

हेनमनची व्हॉली (टप्पा पडण्याआधीच चेंडू परतवणारा फटका) त्याच्या पिढीतल्या सर्वोत्तम व्हॉलींपैकी एक होती. पायाजवळ येणारा खाली पडता चेंडू तो मनगट न वळवता, गुडघे वाकवून असा परत लावायचा की समोरच्याला तो उचलूनच मारावा लागे. त्याचा एकहाती स्लाइस बॅकहँड, म्हणजे चेंडूला खालून कापत मारलेला उलट्या हाताचा फटका, हा नेटकडे धावण्यासाठीच बनवलेला फटका होता. समोरच्याच्या दुसऱ्या सर्व्हिसवर असा स्लाइस मारून तो पुढे घुसे, आणि ह्यूइटसारखा धावणारा खेळाडू सोडला तर बाकीच्यांची त्यामुळे बरीच तारांबळ उडे.

अडचण होती ती त्याच्या स्वतःच्या दुसऱ्या सर्व्हिसमध्ये. सॅम्प्रसची दुसरी सर्व्हिस इतरांच्या पहिल्या सर्व्हिसइतकी भेदक असे, म्हणून त्याला नेटकडे जाताना कसली चिंता नसायची. हेनमनची पहिली सर्व्हिस बऱ्यापैकी वेगवान आणि अचूक होती, पण ती चुकली की दुसरी सर्व्हिस मऊ पडे. मऊ सर्व्हिसच्या मागोमाग नेटकडे धावणे म्हणजे समोरच्याला हवा तसा फटका निवडू देणे. १९९८ च्या उपांत्य सामन्यात त्याने सॅम्प्रसकडून एक सेट काढला आणि १९९९ मध्ये तर पहिलाच सेट जिंकला, तरीही दोन्ही वेळा चार सेटमध्येच निकाल लागला. सेटच्या शेवटी, चार-चार किंवा पाच-पाच गेम झालेले असताना, पहिली सर्व्हिस आत पडली नाही की त्याच्याकडे दुसरा आधार नसायचा.

यात आणखी एक भर पडली. २००१ पासून विम्बल्डनच्या कोर्टांवर राय आणि फेस्क्यू या गवतांचे मिश्रण जाऊन संपूर्ण बारमाही राय गवत आले. जमीन अधिक टणक झाली, चेंडू अधिक उंच आणि अधिक सरळ उसळू लागला. २००२ ची अंतिम फेरी ह्यूइट आणि नालबांडियन या दोन बेसलाइनवरच्या, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवरून खेळणाऱ्या, खेळाडूंमध्ये झाली. हेनमन कारकिर्दीच्या भरात आला तेव्हाच त्याच्या पायाखालचे गवत बदलले, आणि कोर्ट संथ झाल्याबद्दलची नाराजी त्याने त्या काळी लपवलीही नव्हती.

जुना_प्रेक्षक :

कारकीर्द म्हटली की सुरुवातही यायला हवी, म्हणून थोडे मागचे लिहितो.

हेनमनचा जन्म ६ सप्टेंबर १९७४ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. वडील वकील होते. आईचे वडील हेन्री बिलिंग्टन हे विम्बल्डन आणि डेव्हिस चषक (देशांच्या संघांमधली स्पर्धा) खेळलेले होते, म्हणजे खेळ घरातच होता. लहानपणी त्याला जिम स्लेटर या उद्योजकाच्या पैशावर चालणाऱ्या एका निवडक मुलांच्या प्रशिक्षण गटात प्रवेश मिळाला. डेव्हिड लॉइड त्या गटाचे मार्गदर्शक होते. मध्येच हाडांच्या आजाराने त्याला बरेच दिवस कोर्टापासून दूर राहावे लागले. क्लबच्या सभासदांचा, सुस्थित मध्यमवर्गाचा मुलगा, ही त्याची प्रतिमा पुढे त्याला चिकटून राहिली आणि तिचा त्याला फायद्यापेक्षा तोटाच अधिक झाला, असे माझे मत आहे. चिडला तर शोभत नाही आणि शांत राहिला तर जिगर नाही, असे दोन्हीकडून बोल त्याने ऐकले.

वास्तविक चिडण्याचा प्रसंग त्याच्या खात्यावर आहेच. १९९५ मध्ये विम्बल्डनच्या दुहेरीत जेरेमी बेट्सबरोबर खेळताना एक गुण गमावल्यावर त्याने रागाने चेंडू मारला आणि तो जवळून जाणाऱ्या बॉलगर्लच्या डोक्याला लागला. जोडी बाद झाली. खुल्या युगात, म्हणजे व्यावसायिकांनाही स्पर्धा खुल्या झाल्यानंतरच्या काळात, विम्बल्डनमधून बाद ठरवला गेलेला तो पहिला खेळाडू. दुसऱ्या दिवशी त्याने त्या मुलीला फुले देऊन छायाचित्रकारांसमोर माफी मागितली.

आणि त्याच माणसाने वर्षभरात सगळे चित्र पालटवले. १९९६ च्या पहिल्याच फेरीत समोर होता येवगेनी काफेल्निकोव्ह, ज्याने काही आठवड्यांपूर्वी फ्रेंच स्पर्धा जिंकली होती. हेनमनने पहिले दोन सेट जिंकले, पुढचे दोन गमावले, आणि पाचव्या सेटमध्ये दोन मॅचपॉइंट बिनतोड सर्व्हिसने वाचवून ७-५ असा सामना काढला. तिथून तो उपांत्यपूर्व फेरीत गेला. त्याच उन्हाळ्यात अटलांटा ऑलिंपिकमध्ये नील ब्रॉडबरोबर त्याने दुहेरीचे रौप्यपदक मिळवले. अंतिम फेरीत समोर असलेल्या ऑस्ट्रेलियाच्या वुडब्रिज-वुडफर्ड जोडीला हरवणे त्या काळी जवळजवळ अशक्यच होते. (आपल्याकडे ते ऑलिंपिक लक्षात राहिले ते गोव्यात मुळे असलेल्या घरातल्या लिएंडर पेसच्या एकेरीतल्या कांस्यपदकामुळे, त्याच कोर्टांवर दुहेरीत हेनमनही पदक मिळवत होता, हे मात्र आपल्या फारसे ध्यानात राहिले नाही.)

लंडनमुक्कामी :

२००१ च्या उपांत्य सामन्याशिवाय हा धागा पुढे जाणार नाही, हे ठाऊक असल्याने मीच लिहितो.

त्या वर्षी चौथ्या फेरीत एकोणीस वर्षांच्या रॉजर फेडररने सॅम्प्रसला हरवले होते. त्या फेडररला हेनमनने उपांत्यपूर्व फेरीत ७-५, ७-६, २-६, ७-६ असे बाजूला केले. म्हणजे ज्याने दोनदा वाट अडवली तो सॅम्प्रस नाही, फेडररही गेला, आणि समोर उरला गोरान इव्हानिसेव्हिच : क्रमवारीत १२५ वा, केवळ आयोजकांच्या कृपेने वाइल्ड कार्डवर आलेला, तीन वेळा अंतिम फेरीत हरलेला. शुक्रवारी सामना सुरू झाला. इव्हानिसेव्हिचने पहिला सेट ७-५ असा घेतला, दुसरा हेनमनने टायब्रेकमध्ये (सहा-सहा गेम झाल्यावर सेटचा निकाल लावणाऱ्या डावात) जिंकला आणि तिसरा अक्षरशः पंधरा मिनिटांत ६-० असा. इव्हानिसेव्हिचची सर्व्हिस पार कोसळली होती. चौथ्या सेटमध्ये हेनमन २-१ असा पुढे असताना पाऊस आला आणि त्या दिवशीचा खेळ संपला.

शनिवारी इव्हानिसेव्हिच निराळाच माणूस होऊन आला. चौथ्या सेटच्या टायब्रेकमध्ये हेनमन विजयापासून दोन गुणांवर होता, पण तो टायब्रेक ७-५ असा इव्हानिसेव्हिचकडे गेला. पाचव्या सेटमध्ये पुन्हा पाऊस. रविवारी उरलेला खेळ थोड्याच वेळात संपला आणि सेट ६-३ असा गेला. अंतिम फेरी सोमवारी झाली. तीही पाच सेटची, तीत इव्हानिसेव्हिचने पॅट्रिक राफ्टरला हरवले.

सेंटर कोर्टावर सरकते छप्पर आले ते २००९ मध्ये, हेनमन निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी. ते आठ वर्षे आधी असते तर शुक्रवारीच सामना संपला असता आणि बहुधा हेनमन जिंकला असता, असे मला प्रामाणिकपणे वाटते. तिसरा सेट ज्यांनी पाहिला त्यांना यात अतिशयोक्ती वाटणार नाही.

दुसरी_सर्व्हिस :

लंडनमुक्कामी, तुमच्या वर्णनातली प्रत्येक गोष्ट खरी आहे, पण छपराचा मुद्दा मला पूर्ण पटत नाही. इव्हानिसेव्हिचची सर्व्हिस अशी होती की ती एका सेटपुरती बिघडली तरी पुढच्या सेटमध्ये परत येई; त्याची सगळी कारकीर्द अशीच चढ-उतारांची होती. शिवाय शनिवारच्या टायब्रेकच्या वेळी पाऊस नव्हता. पाच-पाच गुणांवर दोन्ही खेळाडू सारख्याच कोरड्या कोर्टावर उभे होते, आणि तिथे पुन्हा तोच प्रश्न आला की हेनमनकडे हमखास गुण मिळवून देणारी सर्व्हिस नव्हती, तर समोरच्याकडे होती. पावसाने इव्हानिसेव्हिचला एक रात्र मिळवून दिली, हे मान्य. त्या रात्रीची किंमत किती, यावर आपला मतभेद राहू द्या.

सावंतवाडीकर :

मला एक साधा प्रश्न विचारायचा आहे. ग्रेग रुसेद्स्की हाही त्याच काळातला ब्रिटनचा खेळाडू, तोही चौथ्या क्रमांकापर्यंत गेला, आणि १९९७ मध्ये अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत तो राफ्टरकडून हरला. हेनमन एकाही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत पोहोचला नाही. तरी लोकांच्या मनात हेनमन वरचा आणि रुसेद्स्की खालचा, असे का? हे विम्बल्डनचेच माहात्म्य नाही का? तसे असेल तर धागाकर्त्यांचा मुद्दा उलटा पडतो : विम्बल्डन बाजूला ठेवले तर हेनमनकडे रुसेद्स्कीपेक्षा अधिक काय उरते?

चौथा_सेट :

सावंतवाडीकर, प्रश्न साधा नाही, नेमका आहे. उत्तर जरा सविस्तर देतो, कारण मूळ लेखात ज्या वर्षाचा नुसता उल्लेख केला ते इथे उलगडून सांगावे लागेल.

रुसेद्स्कीचा जन्म कॅनडातला, त्यामुळे प्रेक्षकांच्या आपुलकीत फरक पडला असेल, पण तो भाग सोडून देऊ. २००२ च्या अखेरीस हेनमनच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली आणि २००३ चा मोठा भाग त्याचा त्यातून सावरण्यात गेला. क्रमवारीत तो बराच घसरला. ऑगस्टमध्ये त्याने वॉशिंग्टनची स्पर्धा जिंकली, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला पॅरिसची मास्टर्स (म्हणजे ग्रँड स्लॅमच्या खालोखालच्या दर्जाची) स्पर्धा. बंदिस्त सभागृहातल्या कार्पेटवर त्याने त्या आठवड्यात त्या वर्षीचा विम्बल्डन विजेता फेडरर आणि त्या वर्षीचा अमेरिकन खुल्या स्पर्धेचा विजेता रॉडिक या दोघांनाही हरवले, आणि अंतिम सामन्यात आंद्रेई पावेलला ६-२, ७-६, ७-६ असे. मास्टर्स दर्जाचे त्याचे हे एकमेव विजेतेपद, तेही एकोणतिसाव्या वर्षी. आपण पराभूत होण्यासाठीच मोठ्या स्पर्धांत जातो, असा शिक्का बसलेल्या माणसाने एकाच आठवड्यात असे दोन प्रतिस्पर्धी गारद करणे मला तरी किरकोळ वाटत नाही.

याच सुमारास पॉल अ‍ॅनाकोन त्याचे मार्गदर्शक झाले. हे सॅम्प्रसचे जुने मार्गदर्शक, आणि पुढे काही वर्षांनी फेडररचेही. म्हणजे ज्याच्याकडून हरण्यात हेनमनची दोन वर्षे गेली, त्याच्याच गुरूकडे तो शिकला. अ‍ॅनाकोन यांनी त्याला नवे फटके शिकवले असे नव्हे. जे येते ते सगळ्या कोर्टांवर तितक्याच निर्धाराने खेळ, एवढाच त्यांचा आग्रह दिसतो. त्याचे फळ २००४ मध्ये मिळाले. मार्चमध्ये तो इंडियन वेल्सच्या अंतिम फेरीत होता आणि तिथे फेडररकडून हरला.

मग फ्रेंच खुली स्पर्धा. लाल मातीवर नेटकडे धावणारा इंग्रज हा तोवर पॅरिसच्या प्रेक्षकांच्या दृष्टीने करमणुकीचा विषय होता. पहिल्याच फेरीत सिरिल सॉल्निएविरुद्ध तो दोन सेटने मागे पडला आणि तिथून जिंकला. पुढे हुआन इग्नासिओ चेलासारख्या मातीवर वाढलेल्या अर्जेंटिनी खेळाडूला हरवून त्याने उपांत्य फेरी गाठली. १९६३ मध्ये माइक सँगस्टर तिथवर पोहोचल्यानंतर एकाही ब्रिटिश पुरुषाला हे जमले नव्हते. उपांत्य सामन्यात मातीवरचा त्या वर्षीचा सर्वांत धोकादायक खेळाडू गिलेर्मो कोरिया याच्याविरुद्ध त्याने पहिला सेट ६-३ घेतला आणि दुसऱ्या सेटमध्येही तो आघाडीवर होता. तिथून कोरियाने सामना फिरवला आणि निकाल ३-६, ६-४, ६-०, ७-५ असा लागला. पण एक दीड तास सगळ्या मैदानाला वाटत होते की हेनमन रोलाँ गॅरोसची अंतिम फेरी खेळणार. विम्बल्डनमध्ये उपांत्यपूर्व फेरीत हरल्यानंतर सप्टेंबरमध्ये तो अमेरिकन खुल्या स्पर्धेतही उपांत्य फेरीत गेला आणि तिथे फेडररने त्याला सरळ सेटमध्ये हरवले.

रुसेद्स्कीची अंतिम फेरी मोठीच, पण ती एकदाच. गवत, लाल माती आणि हार्ड कोर्ट या तिन्ही पृष्ठभागांवर ग्रँड स्लॅमची उपांत्य फेरी हे हेनमनचे खाते आहे. त्याखेरीज मोंटे कार्लोच्या मातीवर दुहेरीची दोन विजेतेपदेही आहेत, १९९९ आणि २००४ मधली. विम्बल्डन वजा केल्यावर हे उरते.

हिरवळ :

हे वाचल्यावर तुमच्या मुद्द्याचे वजन मला जाणवते. फेडररविरुद्धचा त्याचा हिशेबही इथे नोंदवावा असा आहे. पहिल्या सात सामन्यांपैकी सहा हेनमनने जिंकले होते, त्यात २००१ ची बाझलमधली, म्हणजे फेडररच्या गावातली, अंतिम फेरीसुद्धा होती. इंडियन वेल्सपासून फेडररने ओळीने सहा जिंकले आणि एकूण हिशेब ७-६ असा झाला. फेडररमध्ये घडलेला बदल यापेक्षा स्पष्टपणे दाखवणारे कोष्टक मला दुसरे माहीत नाही.

मात्र दडपणाचा विषय अगदीच दुर्लक्षित करू नये. १९३६ मध्ये फ्रेड पेरीने जिंकल्यापासून एकाही ब्रिटिश पुरुषाने विम्बल्डन जिंकले नव्हते, आणि दर जूनमध्ये हा साठ-पासष्ट वर्षांचा अनुशेष एका माणसाच्या खांद्यावर ठेवला जाई. १९९७ मध्ये पावसामुळे मधल्या रविवारी खेळ ठेवावा लागला आणि एरवी ज्यांना तिकीट मिळत नसे असे लोक सेंटर कोर्टावर आले. त्यांच्यासमोर हेनमनने पॉल हारहूसला पाचव्या सेटमध्ये १४-१२ असे हरवले. पुढच्या फेरीत त्याने गतविजेता क्रायचेक यालाही घरी पाठवले. लोकांचा गलका त्याला मारक ठरे, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी तो आठवडा आठवावा.

जुना_प्रेक्षक :

निवृत्तीचा भागही लिहून टाकतो. पाठीच्या दुखण्याने शेवटची दोन-तीन वर्षे त्याला छळले. २००५ पासून विम्बल्डनमध्ये तो दुसऱ्या फेरीच्या पुढे गेला नाही. २००७ मध्ये पहिल्या फेरीत त्याने कार्लोस मोयाला पाचव्या सेटमध्ये १३-११ असे हरवले. दहा वर्षांपूर्वी सिडनीत त्याने कारकिर्दीतले पहिले विजेतेपद मिळवले तेव्हाही समोर मोयाच होता. पुढच्या फेरीत तो फेलिसियानो लोपेझकडून पाच सेटमध्ये हरला. ऑगस्टमध्ये न्यू यॉर्क येथे त्याने निवृत्ती जाहीर केली आणि अमेरिकन खुल्या स्पर्धेत दुसऱ्या फेरीत त्सोंगाकडून हरून ग्रँड स्लॅममधला प्रवास संपवला.

तरी शेवटचा सामना त्याने स्वतः निवडून ठेवला होता. सप्टेंबर २००७ मध्ये क्रोएशियाविरुद्धची डेव्हिस चषकाची लढत विम्बल्डनच्या एक क्रमांकाच्या कोर्टावर झाली. शुक्रवारी त्याने एकेरीचा सामना जिंकला, अँडी मरेनेही आपला जिंकला, आणि शनिवारी जेमी मरेबरोबर दुहेरी जिंकून हेनमनने ब्रिटनला जागतिक गटात, म्हणजे या स्पर्धेतल्या सर्वांत वरच्या गटात, नेले.

सावंतवाडीकर :

चौथा_सेट, उत्तर मिळाले, आणि रुसेद्स्कीपेक्षा अधिक काय उरते हेही समजले. एक मात्र लिहावेसे वाटते. जुना_प्रेक्षक यांनी सांगितलेल्या त्या डेव्हिस चषकातला विजय गवतावरचा होता, पण त्याबद्दल करंडक मिळत नसल्याने तुमची ११ विजेतेपदांची यादी तशीच राहते.